रब्बीच्या पाण्याआधी वावराचा नकाशा काढा

सोयाबीनची मळणी उरकली की हरभरा आणि गव्हाच्या पेरणीपर्यंत वावर थोडे दिवस मोकळं असतं. जमिनीत ओल असते, पहार सहज आत जाते. जमीन आतून कशी आहे हे पाहायला याहून चांगला काळ नाही. एकदा उन्हाळा लागला की काळी जमीन दगडासारखी होते आणि खड्डा घ्यायला माणसं मिळत नाहीत.

आपल्याकडची बहुतेक जमीन बसाल्टच्या काळ्या खडकापासून झालेली. उताराच्या वरच्या अंगाला मुरमाड, मधे मध्यम आणि ओढ्याकडे खोल काळी, हा क्रम कधीकधी दोन एकरांच्या तुकड्यातही दिसतो. आमच्या वावरात वरच्या बांधापासून वीस पावलांवर पहार एका फुटाला मुरमावर खणकन वाजते. खालच्या बांधाजवळ तीन फूट गेलं तरी काळीच. तरीही आम्ही कित्येक वर्षं दोन्हीकडं एकाच दिवशी, सारखंच पाणी देत आलो. वरचा हरभरा दुपारी मान टाकायचा आणि खालचा जास्त पाण्यानं पिवळा पडून उभळायचा. आम्ही बी बदललं, औषधं मारली. चूक पाण्याच्या वाटणीत आहे हे खड्डे घेतल्यावर कळलं.

जमीन आरोग्य पत्रिका तर आहे, मग हे कशाला, असं कोणी विचारेल. 2015 साली सुरू झालेल्या त्या योजनेत बागायती भागात अडीच हेक्टरला एक आणि जिरायती भागात 10 हेक्टरला एक नमुना धरला गेला. पत्रिकेवर सामू (pH), क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि अन्नद्रव्यं असतात. खताच्या हिशेबाला ती हवीच. पण माती किती खोल आहे आणि किती पाणी धरते, हे तिच्यावर नसतं. ते पहारीनंच पाहावं लागतं.

गटाचा नकाशा महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर मिळतो. तो कागदावर मोठा काढून घ्या. मोबाइलवर उपग्रहाचं उन्हाळ्यातलं चित्र उघडलं तर उघड्या जमिनीत फिकट आणि गडद पट्टे दिसतात. फिकट दिसलं की तिथं मुरूम किंवा चुनखडी असण्याची शक्यता जास्त, पण खात्री पहार मारूनच करायची. दोन एकरांना तीस-पस्तीस पावलांवर एक अशा नऊ जागा पुरतात. त्यातल्या वरच्या, मधल्या आणि खालच्या अशा तीन जागी चांगला तीन फुटांचा खड्डा घ्या.

प्रत्येक जागी मुरूम किती खोलीवर लागला ते सेंटिमीटरमध्ये लिहा. मूठभर माती ओली करून मळा आणि अंगठ्यानं दाबत तिची पट्टी काढा. पट्टी पाच सेंटिमीटरच्या पुढं न तुटता गेली तर जमीन भारी. अडीचच्या आत तुटली तर हलकी ते मध्यम. गोळाच होत नसेल तर रेताड. ऑगस्टच्या झडीत पाणी कुठं साचून राहिलं होतं तेही लिहा. हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांना पट्टी न् पट्टी ठाऊक असते. मग सारख्या जागा पेन्सिलीनं जोडा. दोन-तीन पट्टे आपोआप दिसू लागतील.

आता पाण्याचा हिशेब. ढोबळ मानानं एक सेंटिमीटर जाडीच्या हलक्या मातीत पिकाला घेता येईल असं 1 मिमी पाणी मावतं, मध्यम मातीत दीड आणि भारी काळीत 1.8 मिमीच्या आसपास. वरच्या पट्ट्यात 30 सेंटिमीटर माती असेल तर साठा झाला 30 मिमी. निम्मा साठा संपला की पाणी द्यायचं, म्हणजे हाताशी 15 मिमी. रब्बीत भर वाढीतलं पीक रोज 4 मिमी उचलतं असं धरलं तर चौथ्या दिवशी जमीन पाणी मागते. खालच्या काळीत मुळं 60 सेंटिमीटर गेली तर साठा 108 मिमी, निम्मा 54. तिथं तेरा दिवस निघतात.

एकरी 1 मिमी म्हणजे साधारण 4,000 लिटर. वरच्या पट्ट्याला एका वेळी एकरी 60,000 लिटर, खालच्याला सव्वादोन लाखांच्या जवळ. पंप किती पाणी फेकतो ते 200 लिटरच्या बॅरलनं मोजा. बॅरल 20 सेकंदांत भरलं तर तासाला 36,000 लिटर. वरचा एकर पावणेदोन तासांत होतो, खालच्याला सहा तास लागतात. मुरमाड पट्टीत दारं धरून इतकं थोडं पाणी नीट बसत नाही, बरंचसं मुळांच्या खाली निघून जातं. तिथं तुषार किंवा ठिबकच हवं.

ठिबक नव्यानं टाकत असाल तर पाइप पुरण्याआधीच नकाशा पुढ्यात ठेवा आणि प्रत्येक पट्ट्याला वेगळी सबमेन (मुख्य पाइपातून निघणारी उपवाहिनी), वेगळा कॉक घ्या. खर्च थोडा वाढतो, तो करा. हलक्या जमिनीत पाणी सरळ खाली उतरतं, म्हणून ड्रिपर जवळ, 30 सेंटिमीटरवर. भारीत ते आडवं पसरतं, तिथं 50 ते 60 चालतं. वर रोज थोडा वेळ, खाली एक-दोन दिवसांआड जास्त वेळ.

खालच्या पट्ट्यात आणखी एक सांभाळा. तिथं पांढरी पापडी दिसत असेल किंवा वाफसा लवकर येत नसेल, तर 0–30, 30–60 आणि 60–90 सेंटिमीटरचे नमुने वेगवेगळे तपासायला द्या, सोबत विहिरीचं पाणीही. सांगली-कोल्हापूरकडं कृष्णाकाठची उसाची सोन्यासारखी जमीन अती पाण्यानं क्षारपड झाली. तिथं चर आणि पाइप घालून पाणी बाहेर काढायला माणसं आज लाखो रुपये घालताहेत. चिबड, म्हणजे पाणी साचून राहणाऱ्या पट्टीत पाणी वाढवण्याआधी निचरा करा. उलट चांगल्या काळीत भेगा पडेपर्यंतही थांबू नका. भेग पडली की पहिलं पाणी तिच्यातून खोल जातं आणि मुळं तुटतात ती वेगळीच.

पाणी कमी असेल तर गव्हाला काळीची पट्टी द्या. दोनच पाणी शक्य असतील तर ती पेरणीनंतर 20–22 आणि 60–65 दिवसांनी.

पेरणीनंतर पहिलं पाणी दिलं की दोन दिवसांनी प्रत्येक पट्ट्यात एकदा पहार मारून ओल कुठवर गेली ते पाहा आणि त्याच कागदावर तारीख घालून लिहा. आकडा हिशेबाशी जुळला नाही तर पंपाचे तास बदला.