सिल्व्हिया पिनाल नाशिकमध्ये दाखवायची तर

अभिनेत्रीची अख्खी कारकीर्द चित्रपट-मंडळात दाखवायला घेतली की पहिला घोळ निवडीतच होतो. मेक्सिकन अभिनेत्री सिल्व्हिया पिनालचं (1931–2024) नाव निघालं की स्पॅनिश दिग्दर्शक लुईस बुन्युएलचे तीन चित्रपट आपसूक पुढे येतात आणि बाकीची पिनाल गायब होते. मेक्सिकोतल्या घराघरांत तिची ओळख वेगळी होती: आधी विनोदी चित्रपटांची नायिका, नंतर टीव्हीवरचा रोजचा चेहरा. 1985 च्या भूकंपानंतर सुरू झालेली ‘मुहेर, कासोस दे ला विदा रेआल’ ही मालिका ती 2007 पर्यंत सादर करत होती. हे वगळलं तर तो बुन्युएल महोत्सव झाला, पिनालचा नव्हे.

तीन रविवार पुरतात. पहिल्या रविवारी ‘एल इनोसेन्ते’ (1956), मेक्सिकन गायक-नट पेद्रो इन्फान्तेबरोबरचा हलकाफुलका चित्रपट. दुसऱ्या रविवारी ‘विरिदियाना’ (1961), 90 मिनिटं. तिसऱ्या रविवारी ‘एल आंखेल एक्स्तेर्मिनादोर’ (1962), साधारण दीड तास. मग दहा मिनिटं चहा आणि ‘सिमोन देल देसिएर्तो’ (1965), 45 मिनिटं. मालिकेचा एखादा भाग रीतसर मिळाला तर पहिल्याच दिवशी लावा, शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवू नका.

सकाळचा खेळ ठेवू नये. रविवारी सकाळी नाशिककर मिसळीला जातो, त्याच्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. संध्याकाळी साडेसहा बरी, पण उन्हाळ्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो, तेव्हा पश्चिमेच्या खिडक्यांना जाड काळे पडदे हवेतच. पावसाळ्यात पत्र्याच्या छताचा हॉल नको. सर पडली की संवाद संपले. गोदेला पाणी वाढलं की रामकुंड, सराफ बाजाराकडे गाड्या नेता येत नाहीत, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये गंगापूर रोड, कॉलेज रोडकडची जागा पाहा.

परवानगीचं काम दोन-अडीच महिने आधी हाती घ्या. घरच्या डिस्कवर किंवा ओटीटीच्या वर्गणीवर जाहीर खेळ करता येत नाही, हक्कधारकाची लेखी संमती लागते. प्रमाणपत्र नसलेल्या परदेशी चित्रपटाचे नियम फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाकडून विचारून घ्या. दिल्लीतल्या मेक्सिकोच्या दूतावासालाही पत्र टाका.

खरी मेहनत सबटायटलची. नुसती इंग्रजी सबटायटल ठेवली की अर्धा हॉल वाचण्यातच अडकतो आणि पिनालचा चेहरा बघायचा राहतो. मराठी करताना एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत 35 ते 38 अक्षरं, पडद्यावर किमान एक आणि कमाल सहा सेकंद. मजकूर जास्त झाला तर वाक्य कापा, वेग वाढवू नका. इंग्रजीवरून अनुवाद करणाऱ्याने मूळ आवाज कानावर ठेवावा. स्पॅनिशमध्ये ‘तू’ आणि ‘उस्तेद’ वेगळे ऐकू येतात, इंग्रजीत दोन्हींचं एकच होतं, आणि मग मराठीत भिकारी मालकिणीला अरे-तुरे करू लागतो.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये करून घेतला तर पडद्यावर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. सबटायटलची फाइल एसआरटी प्रकारची, सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-8 (युनिकोडचं), फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी. काळ्या-पांढऱ्या चित्रावर पांढरी अक्षरं हरवतात, म्हणून फिकट पिवळा रंग आणि काळी कड. पेन ड्राइव्ह थेट टीव्हीला किंवा प्रोजेक्टरला लावू नका. बऱ्याच यंत्रांत जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात. लॅपटॉपवरूनच चालवा.

सबटायटल पुढे-मागे होत असतील तर पहिला आणि शेवटचा संवाद तपासा. दोन्हीकडे फरक सारखाच असेल तर व्हीएलसी या प्लेअरमध्ये जी आणि एच या कळांनी सरकवून भागतं. फरक वाढत गेला असेल तर चित्रपट आणि सबटायटल यांतली एक फाइल सेकंदाला 24 फ्रेमची आणि दुसरी 25 ची आहे. 90 मिनिटांच्या चित्रपटात हा फरक शेवटी साडेतीन मिनिटांच्या वर जातो. तो सरकवून सुटत नाही, ‘सबटायटल एडिट’ या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट बदलावा लागतो.

आठ ते दहा फुटी पडद्याला 3000 ते 3500 ल्युमेन (प्रकाशाचं माप) क्षमतेचा प्रोजेक्टर पुरेसा. तिसऱ्या दिवशीचे दोन्ही चित्रपट जुन्या, चौकोनाकडे झुकणाऱ्या फ्रेमचे आहेत. प्रोजेक्टर ‘पूर्ण पडदा’वर असेल तर चेहरे आडवे फुगतात, सेटिंग ‘मूळ’वर ठेवा आणि बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या.

ऑपरेटरला दोन गोष्टी बजावून सांगा. ‘एल आंखेल’मध्ये पाहुणे बंगल्यात शिरताना दोनदा दिसतात. बुन्युएलने ते मुद्दाम केलंय, पण फाइल मागे उडाली असं वाटून पुढे ढकलण्याचा मोह हमखास होतो. आणि ‘सिमोन’ वाळवंटातून एकदम न्यूयॉर्कच्या नाचगाण्यात जाऊन संपतो. पैसे संपल्यामुळे तो 45 मिनिटांचाच राहिला, त्यामुळे “पुढची फाइल कुठंय?” ही ओरड प्रेक्षकांतून येणारच. हे आधी सांगून ठेवलं तर हॉल शांत बसतो. पिनाल ‘सिमोन’मध्ये सैतान आहे: कधी खलाशी पोशाखातली शाळकरी मुलगी, कधी दाढी लावलेला मेंढपाळ. ‘एल आंखेल’मध्ये तिचं काम घोळक्यातलं, छोटं, पण बंगल्यात कोंडलेल्या पाहुण्यांना वाट तिच्यामुळेच सापडते. लगेच पाठोपाठ दाखवल्यावर तिचा पल्ला दिसतो, म्हणूनच ही जोडी.

‘विरिदियाना’ 18 वर्षांवरच्यांसाठीच ठेवा आणि पत्रकावर तसं छापा. काकाने गुंगी देण्याचा प्रसंग आणि शेवटाकडचा हल्ला सौम्य नाही. भिकाऱ्यांच्या जेवणावळीत सगळे क्षणभर येशूच्या शेवटच्या भोजनाच्या प्रसिद्ध चित्रासारखे थिजतात आणि एक बाई घागरा उचलून ‘फोटो’ काढते. व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने चित्रपटावर कडक टीका केली. फ्रान्सच्या कान महोत्सवात पाम दोर हा सर्वोच्च पुरस्कार विभागून मिळूनही स्पेनमध्ये तो 1977 पर्यंत दाखवता आला नाही. सुरुवातीच्या पाच मिनिटांच्या ओळखीत एवढं सांगा, कथा मात्र नको. शहरात ख्रिस्ती कुटुंबं बरीच आहेत. त्या जेवणाच्या दृश्याची कल्पना तिकीट घेतानाच द्या, मध्येच उठून जाण्याची वेळ कोणावर येऊ नये.

चर्चेला अर्धा तास धरून हॉल साडेनऊपर्यंत घ्या, तिसऱ्या दिवशी दहापर्यंत.