टेम्पोरल लॉजिक: माझं फसलेलं सूत्र आणि तीन वर्तुळं

एम.टेक.ला मी टेम्पोरल लॉजिक (‘नेहमी’, ‘कधीतरी’, ‘पुढच्या क्षणी’ असं काळाबद्दल बोलणारं तर्कशास्त्र) घेतलं, कारण तो तास सकाळी आठचा नव्हता. १९७७ मध्ये संगणकशास्त्रज्ञ अमीर पनुएलींनी हे लॉजिक प्रोग्रॅम तपासायला वापरलं, एवढंच ऐकून होतो.

पहिल्या गृहपाठात होतं: ‘प्रत्येक सम क्षणी प (कुठलंही एक विधान) खरं’ हे एलटीएलमध्ये, म्हणजे काळाची एकच सरळ रेघ धरणाऱ्या प्रकारात, लिहा. मी ऐटीत लिहिलं: आत्ता प खरं, आणि जेव्हा जेव्हा प खरं तेव्हा दोन पावलांनंतरही प खरं. सरांनी वहीत आकडे टाकले: ०, १, २, ४, ६, ८… या क्षणी प खरं, बाकी खोटं. सम क्षण सगळे आले की! पण १ वर प खरं म्हणून माझं सूत्र ३ वरही प मागत होतं. विषम क्षणांबद्दल कुणी काही विचारलंच नव्हतं. दोन दिवस डागडुजी केली. मग कळलं, हे एलटीएलमध्ये लिहिताच येत नाही. पिअर वोल्पर या संगणकशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये ते सिद्ध केलंय. (प्रश्न मुद्दामच घातला होता. राग आला, पण एवढं पक्कं दुसऱ्या कशाने डोक्यात बसलं नसतं.)

दुसरा प्रकार सीटीएल: त्यात प्रत्येक क्षणापासून पुढे अनेक वाटा फुटतात. त्याच्याशी एलटीएलची तुलना करताना व्याख्या घोकू नका, तीन वर्तुळं काढा: वर्तुळ म्हणजे एक अवस्था, बाण म्हणजे पुढचं पाऊल. अ वर प खरं, स्वतःकडे बाण आणि एक ब कडे. ब वर प खोटं, तिथून क. क वर प खरं, बाण स्वतःकडेच. अ पासून कुठल्याही वाटेने जा, कधी ना कधी असा क्षण येतो, ज्यानंतर प कायमचं खरं: एलटीएल खूश. सीटीएलमधलं तसंच दिसणारं सूत्र अशी जागा मागतं, जिथून पुढच्या *सगळ्या* वाटांवर प कायम राहील. अ वरच घुटमळणाऱ्या वाटेला ती कधीच सापडत नाही. ब चं दार सतत उघडं. उलट ‘कुठूनही रीसेट करता येतं’ हे सीटीएलला जमतं, एलटीएलला नाही.

‘सीटीएल स्वस्त, एलटीएल महाग’ हे अर्धवट पाठांतर. मॉडेल (प्रोग्रॅमच्या अवस्थांचा असाच वर्तुळं-बाणांचा नकाशा) तपासताना एलटीएलचं काम घातांकी वेगाने वाढतं ते सूत्राच्या लांबीनुसार, आणि सूत्र असतं जेमतेम ओळभर. खिसा कापतं ते मॉडेल: २० बिट म्हणजे १०,४८,५७६ अवस्था. आणि सूत्र मुळात कुठल्या मॉडेलमध्ये खरं होऊ शकतं का, असं विचारलं की पारडं फिरतं: एलटीएल पीस्पेस-पूर्ण, सीटीएल एक्सपटाइम-पूर्ण, म्हणजे इथे सीटीएल निदान तेवढंच, आणि बहुधा जास्त, अवघड. तोंडी परीक्षेत मला नेमकं हेच विचारलं आणि मी छातीठोकपणे म्हणालो, “सीटीएल स्वस्त, सर.”