आठवड्याचे पंधरा तास कुठून आणायचे?

नोकरी सांभाळून ऑनलाइन पदव्युत्तर पदवी घ्यायची ठरली की माणूस पहिल्यांदा विद्यापीठं शोधायला बसतो. मीही तशीच बसले होते. एका तक्त्यात अकरा अभ्यासक्रम, त्यांची फी, प्रवेशाच्या तारखा, क्रमवारी, सगळं रंगीत. त्या तक्त्यात एकच रकाना नव्हता: हे करायचं कधी? म्हणून तयारीची ही यादी तिथूनच सुरू करते. विद्यापीठ नंतर. आधी तास मोजा.

तास मोजायचे ते जाहिरातीवरून नाही, क्रेडिटवरून, म्हणजे अभ्यासाचं काम मोजायच्या एककावरून. युरोपातल्या ईसीटीएस पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. भारताच्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एका क्रेडिटला ३० तास धरतात. अमेरिकेत एका क्रेडिटला आठवड्यात वर्गातला एक तास आणि वर्गाबाहेरचे दोन तास, असं साधारण पंधरा आठवडे. म्हणजे तीन क्रेडिटचा एक विषय आठवड्याला नऊ तास मागतो आणि दोन विषय घेतले तर अठरा. ब्रिटनमध्ये मास्टर्सला बहुधा १८० क्रेडिट लागतात आणि एक क्रेडिट दहा तासांचं, म्हणजे एकूण १,८०० तास. सुट्ट्या, आजारपण, लग्नकार्य वगळून वर्षाला ४० आठवडे हाती लागतात असं समजा. दोन वर्षांत पदवी हवी असेल तर आठवड्याला साडेबावीस तास, तीन वर्षांत पंधरा. हा आकडा कागदावर लिहून रोज दिसेल अशा ठिकाणी लावा. ‘सवडीनुसार शिका’ या शब्दांत सवड किती लागते हे कोणी सांगत नाही.

आता दुसरी बाजू. आठवड्याचे तास १६८. पंचेचाळीस नोकरीचे, दहा येण्याजाण्याचे, रोज सात तास झोप धरली तर एकोणपन्नास गेले. उरले चौसष्ट. इथे मन खूश होतं, कारण चौसष्टातून पंधरा म्हणजे काहीच नाही. पण त्या चौसष्टात अंघोळ आहे, स्वयंपाक आहे, मुलाचा अभ्यास आहे, आईवडिलांचा दवाखाना आहे आणि संध्याकाळी सात ते आठ नुसतं भिंतीकडे बघत बसणंही आहे. शिवाय तास मिळाला म्हणजे डोकं मिळालंच असं नाही. दिवसभर बैठका करून आलेल्या माणसाचा रात्री दहाचा तास आणि त्याचाच पहाटे पाचचा तास यांची किंमत एक नसते. त्यामुळे दोन आठवडे फक्त नोंद ठेवा: कोणत्या वेळी काय केलं आणि त्या वेळी डोकं कितपत चालत होतं. माझ्या नोंदीत कामाचे म्हणावेत असे साडेसहा तास सापडले. बाकीचे कुठूनतरी काढावे लागणार होते.

इथेच घोडं पेंड खातं. पंधरा तास ‘काढायचे’ म्हणजे पंधरा तासांचं दुसरं काहीतरी थांबवायचं. काय थांबवणार, ते नावानिशी लिहा. रात्रीची मालिका, शनिवारचं क्रिकेट, सोसायटीचं सचिवपद, जे असेल ते. झोप मात्र या यादीत घालू नका. मी घातली होती. पहिले तीन आठवडे फार शूर वाटलं आणि चौथ्या आठवड्यात ऑफिसातल्या एका साध्या ईमेलमध्ये चुकीच्या माणसाला चुकीची फाइल गेली.

यादी झाली की अर्ज भरण्याआधी चार आठवड्यांची रंगीत तालीम करा. ज्या विषयात पदवी घ्यायची त्यातलाच एखादा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम निवडा आणि ठरवलेल्या तासांना, ठरवलेल्या जागी, गृहपाठासकट करा. नुसते व्हिडिओ दीडपट वेगाने बघणं ही तालीम नव्हे. एखादा आठवडा मुद्दाम ऑफिसच्या गर्दीच्या काळात येऊ द्या. हिशेब-तपासनीस असाल तर वर्षअखेर, सॉफ्टवेअरमध्ये असाल तर रिलीज. चारपैकी तीन आठवडे निभावले तर पुढे जा. दोनच निभावले तर विद्यापीठ बदलून उपयोग नाही. विषय कमी घ्या किंवा वर्षं वाढवा. एका वेळी एकच विषय घेऊन चार-पाच वर्षांत पदवी घेणाऱ्यांना मी आळशी समजत असे. आता समजत नाही.

घरच्यांशी बोलणं याच टप्प्यावर, प्रवेश मिळाल्यावर नव्हे. ‘मी शिकतेय, जरा सांभाळून घ्या’ या वाक्याला काही अर्थ नसतो. सगळे हो म्हणतात आणि पहिल्याच रविवारी दार वाजतं. त्यापेक्षा ठोस बोला: मंगळवार, गुरुवार रात्री साडेआठ ते साडेदहा आणि रविवारी सकाळी सहा ते दहा मी घरात नाही असं समजायचं. त्या वेळातली कोणती कामं कोण करणार हेही तेव्हाच ठरवा. आणि बदल्यात एक वेळ अशी द्या जिच्याकडे अभ्यास फिरकणार नाही. आमच्याकडे शनिवारची संध्याकाळ तशी होती. परीक्षेच्या आदल्या दिवशीही मी ती मोडली नाही, तेव्हाच घरच्यांचा या व्यवहारावर विश्वास बसला.

ऑफिसात सांगायचं की नाही, यावर दोन मतं आहेत. माझं मत सांगावं असं, पण आधी नेमणुकीचा करार पुन्हा वाचून. त्यात तीन गोष्टी शोधा. नोकरीबाहेर शिक्षण घ्यायला परवानगी लागते का. फीला मदत मिळते का, मिळत असेल तर कोणत्या अटीवर. काही ठिकाणी ठरावीक श्रेणी मिळाली तरच पैसे परत मिळतात, काही ठिकाणी पदवीनंतर इतकी वर्षं नोकरी सोडायची नाही असा बाँड असतो आणि सोडलीच तर रक्कम परत भरावी लागते. तिसरं कलम सगळ्यांच्या नजरेतून सुटतं: तुम्ही तयार केलेल्या गोष्टीवर हक्क कोणाचा. कंपनीच्या लॅपटॉपवर, कंपनीच्या वेळेत प्रबंधाचा प्रोग्रॅम लिहिला तर तो कोणाचा, हा प्रश्न शेवटच्या सत्रात डोकं वर काढतो. प्रकल्पासाठी कंपनीचा डेटा वापरायचा विचार असेल तर लेखी परवानगी आजच मागायला घ्या. कायदा विभागाकडून उत्तर यायला अख्खं सत्र जाऊ शकतं. साहेबांना सांगताना पदवीचं कौतुक कमी करा आणि परीक्षेच्या तारखा जास्त सांगा. त्यांना तेवढंच हवं असतं.

आता कुठे विद्यापीठाकडे येऊ या. घरी बसून पदवी ही काही कालची गोष्ट नाही. लंडन विद्यापीठाने १८५८ पासून बाहेरच्या विद्यार्थ्यांना परीक्षा देऊन पदवी मिळवण्याची सोय केली. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाला १९६९ मध्ये सनद मिळाली. जॉर्जिया टेकचा संगणकशास्त्रातला ऑनलाइन मास्टर्स २०१४ मध्ये सुरू झाला. तेव्हा ‘ऑनलाइन पदवीला किंमत असते का’ हा प्रश्न मोघम आहे. नेमका प्रश्न असा: ही पदवी तुम्ही जिथे वापरणार त्या देशातली नियामक संस्था ती मानते का, तुमच्या व्यवसायाची परवाना देणारी परिषद असेल तर ती मानते का, आणि गुणपत्रिकेवर ‘ऑनलाइन’ असा शिक्का येतो का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं विद्यापीठाच्या माहितीपत्रकात शोधू नका, त्या त्या संस्थेच्या यादीत शोधा. काही ठिकाणी मान्यता संपूर्ण विद्यापीठाला नसून एकेका अभ्यासक्रमाला आणि एकेका वर्षापुरती असते, त्यामुळे यादीतलं वर्षही बघा.

प्रवेश सोपा म्हणून पदवी सोपी, असंही समजू नका. दार सताड उघडं ठेवायचं आणि पहिल्या वर्षातच दोन-तीन पायाभूत विषयांत किमान श्रेणीची अट घालायची, अशी पद्धत बऱ्याच मोठ्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत असते. नियमावलीतून पाच गोष्टी वहीत उतरवून घ्या: किमान श्रेणी, पदवी पूर्ण करायची कमाल मुदत, सत्र रिकामं सोडता येतं का, पूर्ण पैसे परत मिळवून विषय सोडायची शेवटची तारीख, आणि परीक्षा ठरल्या वेळी द्यायची की काही दिवसांच्या मुदतीत केव्हाही. नोकरदाराच्या दृष्टीने ही पाचवी गोष्ट प्राध्यापकांच्या नावांपेक्षा मोठी आहे.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. जुन्या कॉलेजची गुणपत्रिका मोहोरबंद पाकिटात किंवा थेट विद्यापीठाला मागवायला आठवडे जातात. लग्नानंतर नाव बदललं असेल, किंवा एका दाखल्यावर वडिलांचं नाव मधे आणि दुसऱ्यावर शेवटी असेल, तर प्रतिज्ञापत्राचं काम सगळ्यात आधी उरका. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण दोनच वर्षं चालतात, त्यामुळे ती परीक्षा फार लवकर देऊन ठेवू नका. शिफारसपत्र देणाऱ्याला महिनाभर आधी सांगा आणि त्यांनी तुमच्याबद्दल काय लिहावं याचे चार मुद्दे स्वतःच पाठवा; लोक उलट आभार मानतात.

पैशांचा हिशेब करताना फी दर क्रेडिटला आहे की दर सत्राला, हे पाहा. दर सत्राला शुल्क असेल तर एकेक विषय घेऊन सावकाश जाणाऱ्याला पदवी महाग पडते. परीक्षा-देखरेखीचं शुल्क, परदेशी चलनातला फरक, नापास झाल्यास तोच विषय पुन्हा घेण्याचा खर्च, हे वेगळं काढा. निदान एका विषयाची फी राखीव असावी.

यंत्रसामग्रीत एकच सल्ला कळकळीचा: ऑफिसचा लॅपटॉप यातून पूर्ण बाहेर ठेवा. घरून होणाऱ्या परीक्षांत देखरेखीचं सॉफ्टवेअर टाकावं लागतं, कॅमेऱ्याने खोली फिरवून दाखवावी लागते, दुसरा मॉनिटर काढावा लागतो. कंपनीची सुरक्षा-व्यवस्था ते सॉफ्टवेअर अडवते, आणि हे बहुतेकांना परीक्षेच्या दहा मिनिटं आधी कळतं. स्वतःचं जुनं यंत्र चालेल, पण सराव परीक्षा त्याच यंत्रावर, त्याच खोलीत, त्याच इंटरनेटवर देऊन बघा आणि मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून ठेवा. फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर.

घड्याळाबद्दल मात्र जरा सविस्तर, कारण त्यात मी चांगलीच तोंडावर पडले आहे. विद्यापीठ दुसऱ्या देशात असेल तर ‘रात्री ११:५९’ हे कुठल्या रात्रीचं, ते पहिल्याच दिवशी विचारा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. युरोपात हेच मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं. तुमच्या देशात घड्याळ बदलत नसेल तर मार्चनंतर तुमच्यासाठी प्रत्येक मुदत एक तास अलीकडे येते. मी नेहमीच्या वेळेला गटाच्या बैठकीत शिरले तेव्हा खोली रिकामी होती आणि तासाभरापूर्वीच कामांची वाटणी होऊन सगळ्यात किचकट भाग माझ्या नावावर पडला होता. मुदती कॅलेंडरमध्ये विद्यापीठाच्या वेळेनुसारच टाका, रूपांतर कॅलेंडरला करू द्या. आणि तुमची स्वतःची मुदत चोवीस तास आधीची धरा, कारण ऑफिसची आग नेमकी त्याच संध्याकाळी लागते.

अभ्यासाच्या सवयीबद्दल शेवटाकडे लिहितेय, पण खरं तर ती अर्जाच्या बराच आधी लागायला हवी. नोकरीत दहा वर्षं झाली की आपण वाचायला विसरतो, आपण चाळतो. गणित लागणार असेल तर बारावीचं पुस्तक काढा, लाज वाटू देऊ नका. संदर्भ नोंदवायला झोटेरोसारखं मोफत साधन आताच शिकून घ्या. प्रबंधाच्या वेळी शिकणं म्हणजे वरातीमागून घोडं. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं वापरायला कितपत मुभा आहे, हे प्रत्येक विषयाच्या पाठ्यक्रमात वेगळं लिहिलेलं असतं, तेही वाचा. आणि सगळा अभ्यास रविवारवर टाकू नका. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं बरंचसं पहिल्याच दिवसात निसटतं, आणि तेच पुन्हा थोड्या थोड्या अंतराने घोकलं तर कमी श्रमात टिकतं. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात, मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा पुस्तक मिटून आठवायचा प्रयत्न करणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर जास्त राहिलं. नोकरदाराला हे सोयीचंच आहे. बसमध्ये पुस्तक उघडता येत नाही, पण कालच्या धड्यातले पाच मुद्दे मनात आठवता येतात.

हे सगळं झालं की कॅलेंडरमध्ये आणखी एक तारीख टाका: पूर्ण पैसे परत मिळवून विषय सोडायची शेवटची तारीख, आणि तिच्या तीन दिवस आधीची संध्याकाळ मोकळी ठेवा. त्या संध्याकाळी सत्राच्या पहिल्या आठवड्यांत खरोखर किती तास झाले ते मोजा आणि भिंतीवरच्या आकड्याशेजारी लिहा. घरातल्या एकाला ही तारीख आधीच सांगून ठेवा, कारण नेमकी तीच संध्याकाळ विसरायला आपल्याला फार आवडतं.