माल मोंढ्यावर नेण्यापूर्वी: कर्जातून बाहेर पडण्याची आखणी

मराठवाड्यातील शेतकरी कुटुंबाचे उत्पन्न महिन्याच्या महिन्याला येत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन मोंढ्यावर (धान्याच्या बाजारात) जाते, कापूस वेचणीप्रमाणे विकला जातो, तूर जानेवारी-फेब्रुवारीत घरात येते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) हंगामाआधीच मिळते आणि ती फेडण्यात पुढचा सगळा हंगाम जातो. खर्च मात्र बाराही महिने चालू असतो. त्यामुळे पगारदारांसाठी सांगितलेले महिन्याचे अंदाजपत्रक येथे फारसे उपयोगी पडत नाही. ज्या दोन-तीन वेळा एकरकमी पैसा हाती येतो, त्या वेळी त्याची वाटणी कशी होते यावरच वर्षभरात कर्ज वाढणार की घटणार हे ठरते. म्हणून ही वाटणी माल विकण्यापूर्वी, घरातील सर्वांना सोबत बसवून ठरवावी.

आधी एका वहीत घरावरील सर्व देणे उतरवून काढावे. बँकेचे किंवा सोसायटीचे पीककर्ज सगळ्यांच्या लक्षात असते. राहून जातात ती पत्नीच्या नावावरील गटाची कर्जे, मुलाने मोबाईलवरील ॲपमधून घेतलेली रक्कम, मोटारसायकलचे हप्ते आणि कृषी सेवा केंद्राची उधारी. प्रत्येक देण्यापुढे शिल्लक मुद्दल, व्याज आणि फेडीची मुदत लिहावी. व्याज लिहिताना ते वर्षाच्या हिशेबात आणणे अत्यंत आवश्यक आहे. ‘शेकडा तीन’ हे ऐकायला किरकोळ वाटते, कारण ते महिन्याचे असते. वर्षाचे ते ३६ टक्के होतात आणि शेकडा पाचचे ६० टक्के. क्रेडिट कार्डाची थकबाकीही बहुधा महिना ३ ते ४ टक्क्यांनी वाढते.

आता एक उदाहरण घेऊ. एका कुटुंबाकडे ८०,००० रुपये पीककर्ज, सावकाराचे शेकडा तीनने घेतलेले ५०,००० आणि दुकानाची १५,००० रुपये उधारी आहे. पीककर्जाला पूर्ण ७ टक्के व्याज धरले तरी वर्षाचे ५,६०० रुपये होतात. सावकाराचे व्याज दरमहा १,५००, म्हणजे वर्षाला १८,००० रुपये होते. आकड्याने लहान दिसणारे कर्ज तिप्पट महाग पडते आहे. तरीही आपल्याकडे मोठ्या आकड्याची धास्ती घेतली जाते आणि सावकाराला नुसते व्याज देत वर्षे काढली जातात. माझे स्पष्ट मत आहे की सोयाबीनच्या पैशावर पहिला हक्क सर्वांत महाग कर्जाच्या मुद्दलाचा असावा. खर्च वजा जाता ९०,००० रुपये हाती येणार असतील, तर ५०,००० सावकाराचे, १५,००० दुकानाचे, १५,००० रब्बीच्या पेरणीचे आणि १०,००० सणाचे व घरखर्चाचे, असे वहीत आधीच लिहून ठेवावे आणि पट्टीचे (माल विक्रीचे) पैसे खात्यात जमा होताच दुसऱ्याच दिवशी त्याप्रमाणे देऊन टाकावेत. तूर आणि हरभऱ्याचे पैसे पीककर्जासाठी राखावेत.

पीककर्ज स्वस्त असले तरी त्याची मुदत चुकवू नये. ३ लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्या शेतकऱ्याला केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून ते शून्य टक्क्याने पडते. मुदत टळली की ही सवलत जाते, आणि खाते थकले की नवे कर्ज मिळणेही अवघड होते. मार्चअखेरीस ‘नवे-जुने’ करण्यासाठी, म्हणजे जुने पीककर्ज भरून लगेच नवे उचलण्यासाठी, अनेकजण खासगीतून पैसे उचलतात. तसे करावेच लागले, तर नवे कर्ज कोणत्या तारखेला खात्यात येईल हे शाखेत आधी विचारून घ्यावे, कारण आठ दिवसांसाठी घेतलेले पैसे दोन महिने राहिले की सवलतीचा फायदा तेथेच संपतो. कर्जमाफीच्या आशेवर हप्ते थांबवू नयेत, अशी कळकळीची विनंती आहे. २०१७ आणि २०१९ च्या माफीला रकमेच्या आणि तारखांच्या अटी होत्या, आणि त्या योजना संस्थात्मक शेतीकर्जापुरत्या होत्या. सावकार आणि मोटारसायकलची फायनान्स कंपनी त्यांत नव्हती.

भाव पडलेला असताना केवळ पैसे मागणारे दारात उभे आहेत म्हणून सगळा माल विकू नये. कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण कर्ज योजनेत सहभागी असलेल्या बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन, तूर किंवा हरभरा ठेवल्यास मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी वार्षिक ६ टक्के व्याजाने मिळते. ३६ टक्क्यांचे कर्ज ६ टक्क्यांच्या कर्जाने फेडता आले तर ते जरूर फेडावे. मात्र सोनेतारण असो वा मालतारण, त्या पैशातून दुसरी कोणतीही खरेदी करू नये.

सावकाराशी बोलण्यापूर्वी कायदा माहीत असावा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार सावकाराला परवाना लागतो, चक्रवाढ व्याज लावता येत नाही आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. शेतकऱ्यांसाठी ठरलेला दर तारणावर वार्षिक ९ आणि विनातारण १२ टक्के आहे. जमीन बेकायदा सावकारीत लिहून गेली असेल आणि व्यवहाराला १५ वर्षे झाली नसतील, तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे ती परत मिळवण्यासाठी अर्ज करता येतो. गटकर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ९ पूर्वी आणि संध्याकाळी ६ नंतर तगादा लावण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, आणि असे कर्ज मुदतीआधी फेडल्यास दंड लागत नाही. बँकेने किंवा फायनान्स कंपनीने लेखी तक्रारीची ३० दिवसांत दखल घेतली नाही, तर १४४४८ या क्रमांकावर माहिती घेऊन लोकपालाकडे जावे. देण्याच्या काळजीने झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येते. घरच्यांनीही अशा माणसाला एकटे सोडू नये.

खर्चाच्या बाबतीत चहा-पानाच्या पैशांवर डोळा ठेवून फारसे साधत नाही. आपल्याकडे घर बुडते ते लग्न, हप्त्यावरची वाहने आणि उधारीच्या खरेदीमुळे. लग्नाचा आकडा सोयरीक ठरण्याआधी ठरवावा आणि बैठकीत तो मोकळेपणाने सांगावा. मानपान, आहेर आणि जेवणावळ यांवर त्या वेळी बोलणे जड जाते, परंतु पत्रिका छापल्यानंतर ते अशक्यच होते. खत-बियाणे घेताना रोखीचा भाव आणि उधारीचा भाव दोन्ही विचारावेत. त्यांतला फरक म्हणजे व्याजच असते. घरखर्चासाठी वेगळे खाते ठेवून मोबाईलवरून पैसे देण्याची सोय फक्त त्याच खात्याला जोडावी आणि त्यात दर महिन्याला ठरलेलीच रक्कम टाकावी.

कर्ज फिटल्यावर कागद पूर्ण करून घेणे हेही तितकेच महत्त्वाचे काम आहे. सावकाराकडून पावती, बाँड आणि कोरे धनादेश परत घ्यावेत. बँकेशी किंवा फायनान्स कंपनीशी एकरकमी तडजोड केली असेल तर तसा शेरा सिबिल अहवालात (कर्जफेडीच्या इतिहासाच्या अहवालात) राहतो, हे आधीच समजून घ्यावे. बँकेकडून बेबाकी (देणे उरले नसल्याचा) दाखला घेऊन तो तलाठ्याकडे द्यावा, बोजा कमी करण्याचा फेरफार नोंदवावा आणि तो मंजूर झाल्यावर नवा सातबारा काढून ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचे नाव उरले नाही ना, याची खात्री करून घ्यावी.