सेंड ऑफचं कार्ड: सिनियरला नेमकं काय लिहायचं

परीक्षा जवळ आल्या की आपल्याकडं बेळगावात सेंड ऑफ सुरू होतात, शाळेत दहावीवाल्यांचा, कॉलेजात सेकंड पीयूसीवाल्यांचा, म्हंजे बारावीचा, आणि गणपत गल्लीत जाऊन कार्ड आणणं काय अवघड नसतं, खरं आतली कोरी बाजू समोर आली की सगळी पोरं पेन चावत काय लिहू काय लिहू करूलालेत असं दिसतं. मग कुणीतरी गूगल उघडतंय, कुणी व्हॉट्सअपवरची चारोळी उतरवून काढतंय, आता तर एआयलाच सांगतात, आणि शेवटी काय, "यू आर द बेस्ट सिनियर, मिस यू, ऑल द बेस्ट". दहा कार्डं, दहांत तेच. सिनियर वाचतो, थँक्यू म्हणतो, पिशवीत टाकतो.

तर पेन हातात घ्यायच्या आधी एकच गोष्ट हुडकून काढा: ह्या माणसानं तुमच्यासाठी नेमकं काय केलं होतं. "स्वभाव चांगला" नको, "नेहमी मदत केली" पण नको, मदत म्हंजे काय केलं ते पाहिजे. मराठी मीडियममधनं दहावी करून सायन्सला गेल्यावर पहिले दोन महिने फिजिक्सचं इंग्लिश डोक्यावरनं जातं, तेव्हा कुणी कॅन्टीनमधे बसवून मराठीत समजावून सांगितलेलं असतं. कन्नडची ओत्तक्षरं, म्हंजे जोडाक्षरातली खाली लिहायची अक्षरं, कशी जोडायची ते कुणीतरी वहीच्या मागच्या पानावर काढून दिलेलं असतं. खानापूरकडनं येणाऱ्यांना बसमधे दप्तर टाकून जागा धरणारा एक दादा असतोच. गॅदरिंगला वाक्य विसरल्यावर विंगेतनं हळूच सांगणारी अक्का असते. असलं एक सापडलं की निम्मं कार्ड झालं. दोन-तीन सापडली तरी एकच घ्या, बाकीची तोंडानं सांगा की, माणूस तिथंच उभा असतो.

आता सुरुवात. "आदरणीय" लिहू नका, ते सरांसाठी ठेवा, एका वर्षानं मोठ्या पोराला आदरणीय म्हटलं की तो उगाच रिटायर होत असल्यासारखा वाटतो. "महोदय" लिहिणारेपण मी बघितलेत, रजेचा अर्ज लिहायची सवय दुसरं काय. रोज ज्या नावानं हाक मारता तेच वर टाका, दादा, अक्का, ताई, जे असेल ते. रोज तू म्हणत असाल तर कार्डातपण तूच, आणि एकदा तू धरलं की शेवटपर्यंत तू, मधेच "आपण आम्हाला मार्गदर्शन केलेत" आलं की कळतं हे वाक्य दुसरीकडनं आणलंय. आणि आशीर्वाद द्यायचे नाहीत. आशीर्वाद मोठ्यांनी लहानांना द्यायचे असतात, तुम्ही ज्युनियर आहात, तुम्ही शुभेच्छा द्या.

सगळ्यात जास्त घोळ कुठं होतो सांगू? कार्ड भारी व्हावं म्हणून जी वाक्यं घातली जातात ती बहुतेक श्रद्धांजलीची असतात. "तुमच्या जाण्यानं निर्माण झालेली पोकळी कधीच भरून निघणार नाही." "तुमच्या आठवणी सदैव आमच्या हृदयात जिवंत राहतील." "अखेरचा निरोप." अहो माणूस धारवाडला बीएस्सी करायला निघालाय, शनिवारी संध्याकाळी परत येऊन तुमच्याच कट्ट्यावर बसणार आहे! पेपरात पुण्यस्मरणाच्या जाहिराती येतात त्या आपण सगळे लहानपणापासनं वाचतो, फ्लेक्सवर बघतो, त्यामुळं निरोप म्हटलं की हाताला तीच भाषा येते. सोपी टेस्ट सांगतो, तुमचं वाक्य घ्या आणि डोळ्यासमोर त्याच्यावर हार घातलेला फोटो आणा, शोभून दिसला तर ते वाक्य खोडा. "भावपूर्ण निरोप" चालतं एकवेळ, खरं भावपूर्णच्या पुढं काय यायची सवय आहे ते तुम्हाला माहीत आहे, मी तरी टाळीन. यशाची शिखरं आणि गगनभरारीपण नको, ती कॉलेजच्या बॅनरवर आधीच आहेत.

मग लिहायचं कसं? नाव, ती एक गोष्ट, त्यामुळं तुमचं काय झालं, पुढचं काहीतरी साधं, खाली तुमचं नाव. स्वतंत्र कार्ड असेल तर पन्नास-साठ शब्द भरपूर होतात. हे बघा:

"प्रिय अक्का, फर्स्ट पीयूसीच्या (अकरावीच्या) पहिल्या टेस्टनंतर मी सायन्स सोडतो म्हणून बसलेलो. तू काय भाषण दिलं नाहीस, तुझी फिजिक्सची वही दिलीस आणि लायब्ररीत बसवून गणितं सोडवून घेतलीस. ती वही अजून माझ्याकडंच आहे, परत मागू नकोस, पुढच्या पोरांना द्यायची आहे. पेपर झाले की भेटू, खायला कुंदा तू आणायचास."

ह्यात कुठं मिस यू नाही, तरी कळतंय की नाही?

फारशी ओळखच नसेल तर? असं खूपदा होतं, वर्गातनं चिठ्ठ्या टाकून कुणाला कुणाचं कार्ड ते ठरवतात आणि तुमच्या वाट्याला असा सिनियर येतो ज्याचं आडनावपण माहीत नाही. खोटी जवळीक दाखवू नका, लगेच पकडली जाते. लांबनं बघितलेलं एखादं लिहा: "दादा, आपलं बोलणं कधी झालं नाही, खरं स्पोर्ट्सला रिले हरल्यावर तूच सगळ्यांना पाणी आणून देत होतास ते मी बघितलं. पुढच्या वर्षी टीम माझ्याकडं आली तर लक्षात ठेवीन." एवढं बास. आणि काहीच बघितलेलं नसेल तर त्याच्या वर्गातल्या कुणालातरी विचारा, दोन मिनिटाचं काम आहे.

भांडण झालेला सिनियर असेल तर मला वाटतं तेच लिहावं, मिटलेलं असेल तर. "अक्का, प्रॅक्टिसला तू सगळ्यांसमोर ओरडलीस तेव्हा लई राग आलेला. स्टेजवर आमची एकपण एंट्री चुकली नाही तेव्हा का ओरडत होतीस ते कळलं." असलं कार्ड लोक जपून ठेवतात. मिटलेलं नसेल तर कार्डात हिशेब काढू नका, शुभेच्छा द्या आणि सोडा.

मार्कांचं काही लिहू नका हे मी हात जोडून सांगतो. सेंड ऑफ परीक्षेच्या तोंडावर असतो, दहावीच्या पोराला घरात, गल्लीत, बसमधे जो भेटेल तो ६२५ पैकी किती पाडणार हेच विचारतोय, पीयूसीवाल्याला ६०० पैकी, वर नीट आणि सीईटी आहेच, त्यात तुमच्या कार्डातपण "९५ टक्के पक्के" वाचायला लागलं तर कुठं जायचं त्यानं. "पेपर निवांत जाऊदेत" लिहा.

सिनियर घरी कन्नड बोलणारा असेल आणि तुमचं दोघांचं रोजचं बोलणं निम्मं मराठी निम्मं कन्नड असंच चालत असेल, तर कार्डपण तसंच लिहा की. शेवटी एक "होगि बन्नि अक्का", म्हंजे जाऊन या अक्का, आलं तर छान वाटतं. लिपी कन्नडच वापरणार असाल तर वर्गातल्या कन्नडवाल्याकडनं एकदा तपासून घ्या, ओत्तक्षर चुकलं की त्याच्यावरनंच चेष्टा होत बसते.

सगळ्या वर्गाचं मिळून एकच मोठं कार्ड असेल तिथं गणित वेगळं. मधली जागा नावासाठी सोडा, पहिला लिहिणारा मधोमध ऐसपैस लिहितो आणि बाकीचे कोपऱ्यात मुंग्यांसारखे, असं दरवर्षी होतं. दोन ओळी, जास्त नाही. "दादा, लोंढ्याच्या गाडीतली तुझी खिडकीची जागा आता माझी." संपलं. खाली पूर्ण नाव घाला, नुसती वळणदार सही दोन वर्षांनी कुणाला लागत नाही.

चकचकीत कागदावर जेल पेन वापरायचं असेल तर आधी मागच्या कोपऱ्यात ओढून बघा, पुसटलं तर बॉलपेन घ्या. मजकूर आधी रफ वहीत, एकदा मोठ्यानं वाचून, मग कार्डावर पेन्सिलीच्या बारीक रेघा मारून. एकाच वर्गातल्या तिघांना कार्ड देणार असाल तर तिघांना वेगळं लिहा, ती लोकं संध्याकाळी ग्रुपवर फोटो टाकतात, कॉपी केलेलं तिथंच उघडं पडतं.

आणि कार्यक्रमात सगळ्यांसमोर वाचायला लावू नका, हातात द्या आणि पुढं व्हा. पाकिटावर नाव आणि सेक्शन लिहायचं विसरू नका, टेबलावर पाकिटांचा ढीग पडतो आणि ए सेक्शनच्या दादाचं कार्ड बी सेक्शनचा दादा घरी घेऊन जातो.