कर्करोग संशोधनासाठी देणगी मागायची तर यंत्राच्या पुढचंही मागा

कार्यक्रम ठेवा, डोळ्यांत पाणी आणणारी चित्रफीत दाखवा, देणगी आपोआप येईल, असा सल्ला देणारे मला आजही भेटतात. विद्यापीठाच्या कर्करोग प्रयोगशाळेसाठी सोळा वर्षं देणग्या गोळा केल्यावर एवढं नक्की सांगते: मोठी रक्कम समोरासमोर बसून, आकडा स्पष्ट सांगून मागितली तरच येते.

८०जी (देणगीदाराला आयकरात सवलत देणारी मान्यता), सीएसआरची म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामांसाठीचा निधी घेण्याची नोंदणी, देणगीचं स्वतंत्र खातं ही तयारी झालेली असेलच. दोन गोष्टी देणगीदाराला आधीच सांगा. २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीवर करसवलत नाही, आणि नवी करप्रणाली घेतलेल्याला ८०जीचा फायदा नाही. हे त्याला मार्चमध्ये सीएकडून कळलं तर तो पुन्हा तुमचा फोन उचलणार नाही.

कोणाकडे मागायचं त्यांची यादी माजी विद्यार्थ्यांपासून सुरू करा. रुग्णालयाच्या नोंदींमधून नातेवाइकांचे नंबर काढायचे नाहीत, कोणी आणून दिले तरी नाहीत. आणि ज्या घरात नुकताच मृत्यू झालाय, तिथे निदान वर्षभर देणगीचा विषय काढू नका.

मग माणसाला प्रयोगशाळेत आणा. स्लाइड शो नको. उणे ८० अंशांचा फ्रीझर उघडून गाठींच्या नमुन्यांच्या बोटभर नळ्या दाखवा, आणि बोलणं संशोधक विद्यार्थ्याला करू द्या.

आता खरं अवघड काम, मागणं. इथे मी स्वतः चुकले आहे.

सुरुवातीच्या काळात एका निवृत्त गृहस्थांनी पत्नीच्या स्मरणार्थ पेशींच्या तपासणीचं यंत्र दिलं. मी फक्त यंत्राची किंमत मागितली होती. त्याहून जास्त मागायची भीड वाटली. हमीचा काळ संपला, देखभालीच्या कराराला पैसे नव्हते, एक सुटा भाग गेला आणि यंत्र बंद पडलं. पुढच्या स्मृतिदिनाला काका नातवाला घेऊन आले. यंत्रावर निळं प्लास्टिक, त्याला चिकटपट्टी. त्यांनी रुमाल काढून पत्नीच्या नावाच्या पाटीवरची धूळ पुसली आणि नातवाला म्हणाले, “चल, आजीचं मशीन बघितलंस ना?” मला एका शब्दानेही बोलले नाहीत.

तेव्हापासून मी पूर्ण आकडा मागते. देखभालीसाठी दरवर्षी किमतीच्या १० टक्के धरते. यंत्र ४० लाखांचं असेल तर हमीनंतरच्या पाच वर्षांचे २० लाख आले. म्हणजे मागायचे ६० लाख. वर रसायनं आणि यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाचा पगार वेगळा लिहायचा. ६० जमत नसतील तर लहान यंत्र घ्या, पण देखभाल वगळून होकार घेऊ नका. “यंत्र तर येऊ दे, पुढचं पुढे बघू” म्हणणारे विभागप्रमुख भेटतील, त्यांच्यापुढे नमू नका.

“माझं नाव तंत्रज्ञाच्या पगारावर कुठे लावणार?” असं देणगीदार विचारतात. मी त्यांना दोराबजी टाटांचं सांगते. त्यांच्या पत्नी मेहरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजींनी त्यांच्या नावाने लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला. रक्ताच्या कर्करोगावर काम करणाऱ्या संशोधकांना तो ट्रस्ट आजही पैसा देतो. परळचं टाटा रुग्णालय त्यानंतर, १९४१ मध्ये उभं राहिलं. मेहरबाईंचं नाव आधी माणसांच्या कामाला लागलं.

आकडा सांगितलात की गप्प बसा. ती शांतता फार जड जाते. मी पूर्वी घाबरून “निम्मे दिलेत तरी चालतील” म्हणायचे, आणि निम्मेच मिळायचे. त्यांना विचार करू द्या, घरच्यांशी बोलू द्या.

“यातून औषध निघेल ना?” हा प्रश्न हमखास येतो. “हो” म्हणू नका. “सांगता येत नाही, हा प्रयोग फसला तरी हा रस्ता बंद आहे एवढं पक्कं कळेल,” असं मी सांगते. ज्यांच्या घरात हा आजार येऊन गेलाय त्यांना खरं उत्तर पेलतं. खोटी आशा दाखवून त्यांच्याकडून पैसे घेणं पाप आहे.

कंपन्यांकडे एप्रिल-मेमध्येच जा. सरकारी निधीवर चालणाऱ्या विद्यापीठाचं विज्ञान-वैद्यक संशोधन सीएसआरमध्ये बसतं. मार्चअखेर खर्च दाखवायला आलेल्या पैशातून बहुतेक वेळा भलतंच सामान येतं.

परदेशातल्या मराठी माणसाला आधी पासपोर्ट कोणता ते विचारा. भारतीय पासपोर्टवाल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे विदेशी देणगीत धरत नाहीत. नागरिकत्व बदललेल्याचे धरतात, त्याच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. ते घेण्याची मुभा विद्यापीठाला आहे का, हे वित्त विभागाकडून लेखी घ्या. तोवर खाते क्रमांक पाठवू नका.

पावती त्याच आठवड्यात पाठवा. दर सहा महिन्यांनी एक पानाचं पत्र लिहा: यंत्र किती दिवस चाललं, किती नमुने तपासले, काय फसलं. बंद पडलं असेल तर ते त्याच दिवशी फोन करून सांगा. पाटीसमोर उभं राहिल्यावर त्यांना ते कळता कामा नये.