पवनचक्क्यांच्या पठारावर अंधार कसा मोजावा

साताऱ्याहून ठोसेघरच्या पुढे गेलं की चाळकेवाडीचं पठार, आणि पवनचक्क्यांची रांग. इथला अंधार मोजायला अमावस्येच्या आसपासची डिसेंबर ते फेब्रुवारीतली निरभ्र रात्र निवडा. पावसाळ्यात धुकं काही दिसू देत नाही. सूर्यास्तानंतर दीड तास थांबा, कारण सूर्य क्षितिजाखाली 18 अंश गेलेला हवा.

स्काय क्वालिटी मीटर, म्हणजे आकाश किती काळोखं आहे ते आकड्यात सांगणारं छोटं यंत्र, सरळ माथ्याकडे, डोक्यावरच्या आकाशाकडे धरा. पहिला आकडा सोडा, पुढचे पाच घ्या, त्यातला मधला वहीत लिहा. 22 च्या जवळ म्हणजे उत्तम काळोख, 18 म्हणजे शहर. आकाशगंगा माथ्यावर असेल तर आकडा थोडा घसरतो, म्हणून वेळही नोंदवा.

गफलत होते ती इथे. टर्बाइनवरचे लाल दिवे विमानांसाठी असतात. माथ्यावरच्या मोजणीत ते जवळपास उमटतच नाहीत, पण क्षितिजालगतचे तारे बघताना डोळ्यांत खुपतात. त्यासाठी फोटोच हवा: ट्रायपॉड, 24 मिमी लेन्स, एफ 2.8, आयएसओ 1600, 20 सेकंद. लेन्सवर दव धरतं, दर थोड्या वेळाने टॉर्चने काच बघा. टॉर्चला लाल कागद लावलेला असू द्या.

चौफेर उजेड फेकणारे उघडे पांढरे दिवे सबस्टेशनच्या आवारात दिसले तर त्यांचाही फोटो घ्या. त्यांना वरून झाकण, 3000 केल्विन किंवा त्याहून कमीचा पिवळसर प्रकाश आणि हालचाल टिपणारा सेन्सर, ही मागणी फोटो जोडून ग्रामपंचायतीत लेखी द्या, पोच घ्या. लाल दिवे बंद करा असं मात्र लिहू नका, ते सुरक्षेसाठी आहेत. विमान जवळ आल्यावरच पेटणारे दिवे जर्मनीत वापरात आहेत. तो दाखला जोडा.